अंगठ्याचं नख

मी वाजवत नाही. मी सूर लावतो.
एकतीस वर्षं हिस्के वियार्डाच्या साथीचा हार्पसिकॉर्ड
व्हॅनमधून आणला, चर्चच्या मागच्या दारानं आत नेला,
तारा पिळल्या, आणि खांबाआड उभा राहिलो.
तेव्हा सांगायचा हक्क थोडा माझाही.

तिचा रेकॉर्डर म्हणजे बोलणं साठवणारं यंत्र नव्हे.
साधी उभी बासरी, आठ भोकांची.
आमच्याकडे शाळेत पोराटोरांच्या हाती प्लॅस्टिकची देतात, तीच,
आणि घरोघरी आया म्हणतात, पुरे, ठेव ती आता.
हिस्केला तसं कुणी म्हणालं नाही.
आई लेउवार्डनच्या दूध-कारखान्यात रात्रपाळीला,
दिवसा कानांत कापूस कोंबून झोपायची.

सतराव्या वर्षी हेगमध्ये परीक्षक म्हणाले,
बोटं छान आहेत. आता खरं वाद्य कोणतं घेणार?
त्या रात्री तिनं डाव्या अंगठ्याचं नख
कापायचं सोडलं.

मागच्या भोकावर नखाची कड टेकवायची,
केसाएवढी फट ठेवायची,
त्या फटीतून वरचं सप्तक निघतं.
फट वाढली की किंकाळी, मिटली की नुसता वारा.

आणि जोर लावायची सोय नाही.
जास्त फुंकलं तर सूर चढतो, कमी फुंकलं तर बसतो.
गाणारा छाती रिकामी करून मोकळा होतो,
हिला उरलेला श्वास गिळावा लागायचा.
कार्यक्रम संपला की बाहेर सायकलींच्या रांगेपाशी
ती तो सगळा सोडायची. मोठ्यानं. दोन-तीनदा.
मग माझ्याकडे सिगारेट मागायची,
पेटवायची नाही.

ब्रूज, ओसाका, माँट्रियल.
वाद्य काखेत, कोंबडीखालच्या अंड्यासारखं, ऊब धरून.
तालिनला जानेवारीत वाफ साचून सूर बुडाला.
ती थांबली, खिडकीवर बोट ठेवून जोरानं फुंकर मारली,
म्हणाली, माफ करा, आत पाऊस पडतोय.
दीड तास देवासारखी वाजवली होती.
पेपरात तेवढं एक वाक्य आलं.

झुटफेनचा खेर्लोफ तिची वाद्यं घडवायचा.
नखानं झिजलेल्या भोकाला त्यानं दोनदा हाडाचं कडं बसवलं.
बाई, तू माझं लाकूड खातेस, म्हणाला.
सावकाश खाते, ती म्हणाली.
खेर्लोफ गेला तेव्हा तिसरं कडं बाकी होतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी अंगठा ढळू लागला.
कुणाला ऐकू आलं नाही. मला आलं.
वरचा एफ, किंचित खाली. दर वेळी नाही.
मी बोललो नाही.
तो मोसम मी हार्पसिकॉर्डचा एफ केसभर उतरवत गेलो,
तिचा जिकडे घसरायचा त्याच बाजूला,
म्हणजे दोघं मिळून चुकले तर
चूक दिसणार नाही.
माझ्या धंद्यात याला लबाडी म्हणतात.

तिसऱ्या गावी, डेव्हेंटरला, मध्यंतरात ती आली.
अंगात कोट नव्हता.
वुब्बो, तुझा एफ खोटा आहे.
मी किल्ली पुसत राहिलो.
कधीपासून?
ऑक्टोबरपासून, मी म्हणालो.
तिनं मान हलवली, हिशोब जुळल्यासारखी,
आणि म्हणाली, खरा लाव.

उत्तरार्धात मी खरा लावला.
तिचा एफ दोनदा ढळला, उघड्यावर,
आणि ती त्याच्याकडे बघत राहिली,
घाटावरून दूर जाणाऱ्या बोटीकडे बघावं तशी.
टाळ्या नेहमीएवढ्याच.

आता ती हार्लिंगेनला राहते. समुद्र जवळ, वारा फुकट.
परवा गेलो तर स्वयंपाकघरात बसली होती,
ओट्यावर नेलकटर, बशीत नखाची एक कोर.
पुढ्यात संत्रं, न सोललेलं.
म्हणाली, एवढी वर्षं या अंगठ्याला साल लागू दिली नाही,
नख तुटेल म्हणून. आज म्हटलं, सोलू.
आणि बघ, सोलायला नखच नाही.

हसली. मग हसायची थांबली.
मी सोलून दिलं.